बासरच्या आजोळाचा शतकभराचा उन्हाळा

1956 च्या 31 ऑक्टोबरला बासर नांदेड जिल्ह्यात होतं. दुसऱ्या दिवशी ते आंध्र प्रदेशात गेलं. राज्य पुनर्रचना कायद्याने हैदराबाद राज्याची वाटणी करताना तालुकेसुद्धा अखंड ठेवले नाहीत, सर्कलनिहाय रेघ ओढली. मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही सर्कलं आदिलाबाद जिल्ह्याला जोडली गेली, धर्माबाद नांदेडकडे राहिलं. देगलूर तालुक्यातलं बिचकुंदा आणि जुक्कल निजामाबादकडे गेलं. उलट दिशेने आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात आलं. इतिहासाच्या पुस्तकात हे सगळं एका परिच्छेदात उरकतं. पण धर्माबाद, उमरी, बिलोली, नांदेड इथल्या कितीतरी घरांत त्याचा अर्थ एवढाच होता की आईचं माहेर परराज्यात गेलं.

आणि तरीही पुढच्या वैशाखात पोरं मामाकडे गेलीच. तिकडे ना दाखला लागला, ना परवानगी. सीमावादावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे, बहुतेक बेळगाव-कारवारच्या बाजूने. गोदाकाठच्या या पूर्वेकडच्या सरहद्दीचा इतिहास लिहायचा, तर तो विधानसभेच्या ठरावांत फारसा सापडणार नाही. तो उन्हाळ्याच्या सुट्टीत सापडेल. इथल्या दोन भाषांना, दोन राज्यांना आणि डझनभर जातींना एकत्र बांधून ठेवण्याचं काम आजोळच्या घरांनी केलं, दर वर्षी दीड महिना. ती घरं आज कुलूपबंद होत आहेत. सरहद्दीने जे तोडलं नाही ते आता कुलूप तोडतं आहे, म्हणून हा विषय.

बासर हे मुळातच ये-जा असणारं गाव. ज्ञान सरस्वतीचं हे स्थान, सोबत महालक्ष्मी आणि महाकाली. व्यासांनी गोदावरीच्या वाळूची मूर्ती करून देवीची स्थापना केली, असं स्थळपुराण सांगतं. मंदिर नांदगिरीच्या, म्हणजे नांदेडच्या, राजाने बांधल्याचीही परंपरा आहे. देवीच्या मूर्तीला हळदीचा लेप असतो आणि तीच हळद प्रसाद म्हणून जिभेवर ठेवतात. पोरांचं पहिलं अक्षर इथे गिरवून घ्यायचं, ही रीत तेलुगू घरांत आहे तशी मराठी घरांतही आहे. मागच्या अंगाला निजामाबादची हळदीची मोठी बाजारपेठ. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद निघते, शिजते, वाळते आणि उन्हाळाभर बाजारात येते. म्हणजे देवीच्या अंगावरची हळद काही लांबून आलेली नाही.

रेल्वे येण्याआधी माहेरी जाणं बैलगाडीतून आणि रात्रीचं असे. रब्बीचं खळं उरकलेलं, मृगाला अजून अवकाश, बैल रिकामे, लग्नसराई तोंडावर: शेतकऱ्याच्या वर्षात मोकळीक अशी एवढीच. लेकीला आणायला भाऊ जातो तो याच दिवसांत. शाळांच्या सुट्टीने पुढे या प्रथेला तारखा दिल्या, पण प्रथा शाळेच्या फार आधीची आहे. इंग्रज साहेब याच दिवसांत डोंगर चढायचा. 1828 नंतर महाबळेश्वर वसलं, 1850 नंतर माथेरान. आपल्या लोकांची उन्हाळ्याची वाट मात्र नदीकडे उतरणारी होती, आणि ती हवा खायला जाणाऱ्यांची नव्हती, नात्याची होती.

1900 च्या आसपास हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटरगेज लाइन मनमाडपर्यंत पूर्ण झाली आणि या प्रदेशाचं रूप पालटलं. नांदेड, मुदखेड, उमरी, करखेली, धर्माबाद, बासर, मग गोदावरीचा पूल आणि पलीकडे निजामाबाद. ज्या अंतराला रात्रभर बैलगाडी लागे ते काही तासांवर आलं. त्याचा परिणाम सोयरिकीवर झाला. लेक आता दोन मजलांपलीकडे देता येऊ लागली, कारण उन्हाळ्यात तिला घेऊन येता येईल याची खात्री होती. इकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत तेलंगणात आणि मराठवाड्यात अनेक जातींत आहे. त्यामुळे सुट्टीतलं आजोळ पुढे कित्येकांची सासुरवाडीही झालं. उन्हाळ्यात ज्या अंगणात खेळलो त्याच अंगणात मांडव पडला, असं सांगणारी माणसं या पट्ट्यात आजही भेटतात.

त्या घरातला दिवस कसा होता, हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण नव्या पिढीला 'आजोळ' म्हटलं की फक्त आंबे आठवतात.

पारा 45 च्या घरात जाणारा हा मुलूख. त्यामुळे दिवस उजाडण्याआधीच नदीवर सुरू व्हायचा. पोचमपाडचं धरण होण्याआधी वैशाखात गोदावरीचं पात्र अर्धंअधिक वाळूचं असे. मधे डोह, कडेला टरबूज-खरबुजांच्या वाड्या. आंघोळी आटोपून देवीचं दर्शन घ्यायचं आणि आठच्या आत घरी यायचं. मग बायकांचं काम सुरू. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजलेले असत. ते वाटायचे, चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, पहाटे शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून बाजेवर पसरलेल्या जुन्या धोतरावर पाडायचा. राखणीला पोरं. राखण कसली, वाटीभर चीक तूप-मीठ घालून खायला मिळावा म्हणून ती तिथे बसलेली. शेवया, पापड, सांडगे, खारोड्या, सगळं याच दीड महिन्यात व्हायचं आणि परतताना लेकींच्या सामानातून दहा गावांना जायचं. लोणचं दोन तऱ्हांचं: मोहरीची डाळ आणि मेथी घातलेलं आपल्याकडचं, आणि मोहरीची पूड, लसूण, तिखट नि तेल सढळ हाताने घातलेली तेलुगू आवकाय. एकाच फडताळात दोन्ही बरण्या शेजारी शेजारी. दुपारी दारं लावून ओसरीवर पत्ते, सागरगोटे, ताकातली ज्वारीची आंबील. आंबे गवतात आढी लावलेले, गावरान आणि चोखायचे. प्रत्येक झाडाला नाव, शेंद्र्या, खोबऱ्या, शेप्या, आणि कुठल्या झाडाचा पाड आधी लागतो हे घरातल्या सगळ्यात लहान पोरालाही माहीत.

रात्र माळवदावर. सागाच्या तुळया, त्यांवर किलचण, त्यावर पाला, वर चिखल आणि शेवटी चोपून बसवलेली पांढरी माती, असं ते छत. जाड मातीमुळे खालचं घर दुपारी थंड आणि पाणी शिंपडलं की वरचं छत रात्री निजण्याजोगं. पण माळवद हे दरवर्षी हात मागणारं काम आहे. मृगाआधी नवी माती टाकावी लागते, भेगा बुजवाव्या लागतात, पन्हाळी साफ कराव्या लागतात. एक उन्हाळा चुकला तर गळतं, दोन चुकले तर तुळई कुजते. हे काम कोण करायचं? घरगड्याच्या जोडीला सुट्टीला आलेले जावई, भाचे, चुलतभाऊ. पाहुण्यांनी भरलेलं घरच टिकायचं, आणि रिकामं राहिलेलं घर पावसाने जायचं. या प्रदेशातले वाडे श्रीमंतीमुळे उभे राहिले असतील, पण तगले ते या गोतावळ्याच्या हातांवर.

हे चित्र सगळ्यांसाठी गोड नव्हतं, हेही त्याच ठिकाणी लिहिलं पाहिजे. लेकींचा विसावा सुनांच्या पाठीवर उभा होता. तीस पानांचं घर सांभाळणाऱ्या मामीला स्वतःच्या माहेरी जायला मिळायचं ते सगळे पाहुणे गेल्यावर, अनेकदा मिळायचंही नाही. आणि ज्यांना ओसरी नव्हती, वाडा नव्हता, त्यांची पोरं याच दिवसांत मोहाची फुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला जंगलात जायची. कोणत्या विहिरीवर कोणी पाणी भरायचं याचे नियम उन्हाळ्यात पाणी आटलं की अधिकच कडक व्हायचे. आजोळच्या आठवणी लिहिणाऱ्यांनी ही बाजू फार वेळा गाळली आहे. ती गाळून केलेलं गुणगान मला मान्य नाही.

मान्य आहे ते हे, की या घरांनी एक मोठं काम केलं, जे दुसरं कोणी करत नव्हतं. निजामी राजवटीत वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. 1918 साली सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ तर उर्दू माध्यमाचंच. वर्षभर उर्दूत शिकणाऱ्या मराठी मुलाला मराठी पोथी, ओव्या, हिशेबाची मोडी भेटायची ती आजोळी. मामाचं घर म्हणजे शिक्षणाचं घर, ही गोष्ट इथे नवी नाही. विचारवंत नरहर कुरुंदकर शिकायला हैदराबादला गेले ते मामांकडेच, उस्मानियात मराठी शिकवणाऱ्या ना. गो. नांदापूरकरांकडे. 1956 नंतर गरज उलटी झाली. बासर-मुधोळकडची भावंडं तेलुगूत शिकू लागली, नांदेडची मराठीत. दीड महिना एका छताखाली राहिल्याने दोघांनाही दोन्ही भाषा येऊ लागल्या. आर्य वैश्य, मुन्नूरवार, पद्मशाली अशा घरांत आजी तेलुगूत रागवायची, नातवंडं मराठीत उत्तर द्यायची. भैंसा, कुबीर भागात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आजही आहेत आणि तेलंगण सरकार त्यांच्यासाठी पुस्तकं छापतं. पण भाषा जगली ती फक्त शाळेमुळे, असं म्हणणं घरांवर अन्याय करणारं होईल.

सगळेच उन्हाळे सारखे नव्हते. 1948 च्या जानेवारीत याच लाइनवरच्या उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. त्या सालच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीने अनेक कुटुंबं आजोळी जाण्याऐवजी सरहद्द ओलांडून वऱ्हाडाकडे निघून गेली. 17 सप्टेंबरला निजामी राजवट संपल्यावरच ती परतू लागली.

पुढे 1956 च्या ऑक्टोबरात, नवी राज्यं होण्याच्या तीनच आठवडे आधी, केंद्र सरकारने आपल्या नोकरांना रजा प्रवास सवलत दिली. तिचा पाया होता 'स्वग्राम'. प्रत्येक नोकराने आपलं मूळ गाव लेखी कळवायचं आणि ठरावीक वर्षांनी तिथे जायला सरकारने भाडं द्यायचं. या जुन्या सरकारी आदेशाचं महत्त्व मला फार वाटतं. नोकरीसाठी गाव सोडलेल्या माणसाचं एक घर मागे राहिलेलं असतं आणि त्याने तिथे जात राहणं ही समाजाची गरज आहे, हे राज्यसंस्थेने त्यात मान्य केलं होतं. पुढे त्याच सवलतीत भारतात कुठेही फिरण्याची मुभा आली, आणि लोक स्वग्राम सोडून उटी, काश्मीर, अंदमानला जाऊ लागले.

नोकरीसाठी गाव सोडलेल्यांना गावाकडे जाण्यासाठी सुट्टी मिळावी, हा प्रश्न जगात सगळ्यात गंभीरपणे घेतला तो बहुधा फ्रान्सने. 1936 साली लेआँ ब्लूम यांच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली आणि रेल्वेच्या तिकिटात चाळीस टक्के सूटही दिली. 1956 साली तिसरा आठवडा मिळाला, 1969 साली चौथा, 1982 साली पाचवा. खेड्यातून शहरात आलेल्या कुटुंबांनी आजोबांची दगडी घरं विकली नाहीत, ऑगस्टसाठी ठेवली. आज फ्रान्समधल्या सुमारे दर दहा घरांतलं एक घर असं सुट्टीपुरतं उघडणारं आहे. तिथेही पहिले दिवस झडपा उघडण्यात, जाळी झाडण्यात, कौलं बसवण्यात जातात. तिथेही भावंडांची मुलं एका टेबलाभोवती वाढतात आणि वाटणीवरून भांडणं होतात. त्या घरांमुळे स्थानिकांना घरं महाग झाली, बारापैकी दहा महिने गावं ओस पडली, ही तक्रारही तिथे आहे आणि ती खरी आहे. पण एक गोष्ट त्यांनी ओळखली: सुट्टी हक्काची झाल्याशिवाय घर उघडं राहत नाही. आपल्या 1948 च्या कारखाना अधिनियमातही वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा होती. पण ती सलग घेऊन कुटुंबासह गावी जाणं आपल्याकडे रूढ झालं नाही, आणि असंघटित कामगाराला तर तीही नाही.

मग बासरकडची घरं बंद कशाने पडली? धरणाने काही नेली. 26 जुलै 1963 ला पोचमपाडच्या प्रकल्पाची पायाभरणी नेहरूंनी केली. त्याच्या फुगवट्याचं पाणी बासरपर्यंत येतं. काठची गावं उठली, टरबुजांच्या वाड्या गेल्या, वाळूचं पात्र पाण्याखाली गेलं. पुढे वरच्या अंगाला बाभळीचा बंधारा झाला आणि पाण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालानुसार बाभळीची दारं 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडी ठेवायची आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचं, असं ठरलं. उन्हाळ्यात बासरच्या घाटावर किती पाणी असेल, हे आता दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांच्या साक्षीने ठरतं.

तरीही धरण हे मुख्य कारण नाही. मुख्य कारण वेळापत्रक आहे. तेलंगणातल्या शाळा एप्रिलअखेरीस सुटतात आणि 12 जूनच्या सुमारास भरतात. महाराष्ट्रात सुट्टी मेपासून जूनच्या मध्यापर्यंत, आणि 2025 साली तर पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत ताणल्या. दहावी झालेल्या मुलाची उन्हाळ्यातच अकरावीची शिकवणी सुरू होते. बारावीच्या मुलाला सीईटी आणि मेच्या सुरुवातीची नीट. नांदेड आणि लातूर या तर शिकवण्यांच्या राजधान्या. बासरला 2008 पासून राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, तेलंगणच्या खेड्यापाड्यांतली हुशार मुलं तिथे राहून शिकतात, ही आनंदाचीच गोष्ट. पण शेजारच्या नांदेडमधला भाचा मे महिन्यात मामाकडे येत नाही, तो चाचणी परीक्षा देत असतो. पुढे लाइन ब्रॉडगेज झाली, गाड्या वाढल्या, अंतर आणखी कमी झालं. पण लोक आता सकाळी येतात, दर्शन घेतात, बाळाचं अक्षर गिरवून घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. मंदिराच्या आसपास लॉज उभी राहिली. रात्रीचा मुक्काम राहिला तरी तो लॉजवर. सख्ख्या मामाच्या गावात.

दुसरं कारण कागदांचं. आजोबांच्या नावचं घर आणि जमीन यांचे 1948 पूर्वीचे कागद उर्दूत आणि फसली सनात. मग 1954-55 ची खासरा पहाणी. त्यानंतरची नोंद तेलुगूत. 2014 साली तेलंगण झालं, 2016 साली आदिलाबादचं विभाजन होऊन बासर निर्मल जिल्ह्यात गेलं. 2020 साली नोंदी धरणी पोर्टलवर गेल्या, 2025 पासून भू भारतीवर. तीन लिप्या, दोन राज्यं आणि बदलते जिल्हे यांच्यामधून वारसनोंद करून घेणं पुण्यात किंवा अमेरिकेत राहणाऱ्या नातवाला जमत नाही. मग तो सोडून देतो, किंवा येईल त्या भावाला विकतो. बासरच्या वरच्या अंगाला मांजरा-गोदावरीच्या संगमावरचं कंदकुर्ती हे संघसंस्थापक हेडगेवारांच्या घराण्याचं मूळ गाव. ते घराणं नागपूरला गेलं आणि तिकडचंच झालं. अशी घराणी या काठावर कितीतरी. नाव गाजलेल्यांच्या मूळ गावाची आठवण कोणीतरी ठेवतं, बाकीच्यांची कोण ठेवणार?

2018 नंतर धर्माबाद तालुक्यातल्या काही गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली, शेतकऱ्यांना तिकडे मिळणाऱ्या योजना पाहून. मुंबईत बसलेल्यांना हे चमत्कारिक वाटलं. पण ज्यांची मावशी, आत्या, मामा पलीकडेच आहेत, त्यांना पलीकडच्या गावात काय मिळतं हे वर्तमानपत्रातून कळावं लागत नाही. नातं जिवंत असण्याची ती खूण होती. दोन्ही सरकारांनी ती तशी वाचली असती तर बरं झालं असतं.

2027 साली गोदावरीचं पुष्कर, म्हणजे बारा वर्षांनी येणारं स्नानपर्व, आहे. 2003 आणि 2015 साली बासरच्या घाटांवर जी गर्दी झाली ती पुन्हा होईल आणि नांदेडकडून लोक त्यात मोठ्या संख्येने असतील. ज्यांचं मुधोळ, भैंसा, कुबीर, बासर या भागात एखादं आजोळ आहे त्यांनी केवळ स्नानापुरतं जाऊ नये. आधीच्या मे महिन्यात पंधरा दिवस मुलांना घेऊन जा. कुलूप काढा, माळवदावर माती टाका, स्लॅब असेल तर गच्ची धुवा. स्वयंपाक या वेळी मामीवर टाकू नका, सगळ्यांनी मिळून करा. घरातला सगळ्यात जुना कागद उर्दू वाचणाऱ्या एखाद्या वृद्धाकडून वाचून घ्या. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन मिळतो. वारसनोंद करून टाका, वाटणीचं भांडण असेल तर ते बसून मिटवा. आणि महाराष्ट्राच्या शिक्षण खात्याने मे महिना शिकवण्यांपासून मोकळा ठेवण्याचं बघावं. मुलांना सुट्टी देण्याचा अधिकार त्या खात्याकडे आहे, तो त्याने वापरावा.